राहून गेलेलं रडणं

जव्हारच्या प्रार्थनामंदिरात भर सभेत माझं कौतुक झालं, तो पौषातला रविवार मला अजून आठवतो. बाहेर धुकं होतं, आत बाकं गार पडली होती. पाळकसाहेब म्हणाले, आज आपल्यात एक बहीण अशी बसली आहे, जिनं पोटचा मुलगा मातीत ठेवला आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. प्रभूची शांती कशी असते ते पाहायचं असेल तर तिच्या चेहऱ्याकडे पाहा. सगळी मंडळी वळून माझ्याकडे पाहू लागली. मी पदर सारखा केला आणि मनात म्हटलं, पाहा बाबांनो, पोटभर पाहा.

ती शांती नव्हती. ते मला त्या बाकावर बसल्या बसल्याच माहीत होतं. पण एकदा भर सभेत तुमच्या नावावर एखादी गोष्ट चढली, की ती परत कुणाच्या हातात द्यायची?

आम्ही मूळचे नगरकडचे, घाटावरचे. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, आठवडाभर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. जव्हारचं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक मोखाड्याच्या पलीकडे, सूर्यमाळच्या उतारावरच्या एका पाड्यावर झाली. राजाचं राज्य गेलं म्हणजे नक्की काय झालं, हे पाड्यावर कुणाला धड सांगता येत नव्हतं. जंगलचा शिपाई तोच होता, फक्त टोपीवरचा बिल्ला बदलला होता, आणि तो कशाचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मास्तर स्वभावानं गरीब, पण तत्त्वाला ताठ. त्यांचा देवावर पूर्ण भरवसा होता आणि माझ्या जिभेवर मुळीच नव्हता. पाड्यावर पाऊल टाकण्याआधीच त्यांनी मला बजावलं होतं, "इथं आपण बोलून नाही, वागून साक्ष द्यायची. लोक आपल्याकडे बघत असतात."

आणि लोक बघत होतेच. कुडाच्या भिंतींचं घर, त्याच्या फटींतून पोरं डोळे लावून बसायची. शेजारी एक डोकरी, म्हणजे म्हातारी, राहायची. पाड्यावरची सगळी बाळंतपणं तीच करायची. तिचा एक थोरला मुलगा आणि एक वयात आलेली मुलगी. आमचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. त्या मुलीनं पहिल्याच दिवशी त्याला कडेवर उचललं ते जणू कायमचंच. तो तिच्या कडेवर रानात जायचा, झऱ्यावर जायचा, गालात मोहाची फुलं कोंबून परत यायचा. आम्हाला नवराबायकोला पाड्याची बोली कळेना, आणि हा मात्र तीच बोलू लागला. कशालाही "काहा?" म्हणजे "का?" म्हणून विचारायचा. झोप रे, काहा? जेव रे, काहा? मी वैतागून जायची. मुलीचं लग्न होऊन ती खालच्या गावी गेली, तेव्हा तो दिवसभर दारात बसून होता.

तिसऱ्या वर्षीच्या भादव्यात त्याला ताप भरला. आमच्याकडे मिशननं दिलेल्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या होत्या. गूळ लावून त्या त्याच्या घशाखाली उतरवल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मोखाड्याच्या दवाखान्यात न्यायचं तर मधल्या ओढ्याला पाणी होतं. मास्तर दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन कमरेएवढ्या पाण्यातून मागे फिरले. डोकरीनं कसला तरी पाला वाटून आणला. मास्तर नको म्हणत असताना मी तो त्याच्या कपाळावर थापला. पण एका सकाळी, मी त्याला मांडीवर घेऊन भाताची पेज पाजत असताना, त्यानं पेज गिळायचं थांबवलं.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. मास्तरांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, गोंधळ करू नकोस. ज्यांना आशा नाही ते असं रडतात. आपण रडायचं नाही. सगळा पाडा बघतोय." त्यांनी माझा दंड सोडला नाही. मी तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

थोड्याच वेळात पाड्यावरच्या बायका आल्या. एकेक करून अंगणात आणि ओटीवर बसत गेल्या, पाऊस अंगावर घेत. कुणी काही बोलेना. मला वाटलं, या सांत्वनाला आल्या आहेत, तर यांचं काहीतरी केलं पाहिजे. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. दारात आलेल्या माणसाला तसंच बसवून ठेवू नये, हे अंगात इतकं मुरलेलं, की मेलेलं लेकरू आत निजवून मी उठले, चूल पेटवली आणि गुळाचा चहा ठेवला. होत्या तेवढ्या कपबशा काढल्या. चहा घेऊन बाहेर आले तर बायका माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी चुलीवर काही भलतंच शिजवून आणलं आहे. एकीनंही कप हातात घेतला नाही. डोकरी उठून माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाय, तू रडं नांय. काहा?"

माझ्याच लेकराचा शब्द तिनं मला विचारला. आतून मास्तरांनी गायन सुरू केलं आणि मी त्यात सूर मिळवला.

त्या बायका कशाची वाट पाहत होत्या, ते मला पुढे फार उशिरा कळलं. पाड्याची रीत अशी, की पहिला हेल आईनं काढायचा. मेलेल्याशी बोलत, त्याला सांगत, विचारत रडायचं. आईनं सुरुवात केली की मग बाकीच्यांनी तो हेल उचलायचा आणि आई थकेल तेव्हा तिला विसावा द्यायचा. घरात चूल पेटवायची नाही. भाकरी शेजारच्यांनी आणायची. त्या बायका भाकऱ्या घेऊनच आल्या होत्या, पदराखाली. मी रडेना, उलट चहा पाजू लागले, तेव्हा त्या भाकऱ्या तशाच परत घेऊन गेल्या.

शेताच्या बांधाला मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली मास्तरांनी आणि डोकरीच्या मुलानं खड्डा खणला. खड्ड्यात पाणी झिरपत होतं. मास्तरांनीच प्रार्थना केली. गायनाला दोनच गळे, त्यांचा आणि माझा. मी सूर चुकले नाही. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "प्रभूनं तुला मोठं बळ दिलं." त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांच्या बापानं आयुष्यभर मार खाऊन हा धर्म धरला होता, आणि मेलेल्यापाशी न रडणं ही त्या घराची शान होती. त्यांचा राग करावा तर तेही करता येत नव्हतं. मुलाचं झबलं ते उशाखाली घेऊन झोपायचे, हे मला दिसायचं.

पाड्याचं मात्र ठरलं होतं. जी आई आपल्या पोरासाठी रडत नाही, चूल पेटवते, वर तोंड करून गाते, तिनंच ते पोर खाल्लं असणार. अशा बाईला तिकडे भुताळी म्हणतात. भगतानं सुपात तांदळाचे दाणे मांडून पाहिले, असं कानावर आलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. शाळेतली पोरं एकेक करून यायची बंद झाली. मी वाटेनं निघाले की बाया कडेवरच्या लेकराचं तोंड पदरानं झाकायच्या. माझा स्वभाव तापट. एरवी पहिल्या काही दिवसांतच मी भांडले असते, एकेकीला थांबवून विचारलं असतं. पण भांडायला आत काहीतरी जिवंत लागतं. माझ्या आत सगळं बधिर होतं. मी प्रार्थनेला बसायची, आणि शब्द आढ्याला लागून खाली पडायचे.

त्याच दिवसांत जव्हारचा तो रविवार आला. एकीकडे पाड्यावर मी भुताळी, दुसरीकडे मंदिरात मी शांतीचा नमुना. दोन्हीकडच्यांनी पाहिला होता तो एकच चेहरा. परतीच्या वाटेवर मास्तर आनंदात होते. मी त्यांना म्हटलं, "अहो, पाड्यावरच्या बायकांनी मला जास्त बरोबर ओळखलंय." त्यांनी पावलं भराभर उचलली. मग म्हणाले, "असं बोलू नये."

फाल्गुन सरला तसं पाणी आटलं. सूर्यमाळच्या अंगाला पाऊस एवढा पडतो की भिंती कुजतात, आणि चैत्रात तिथंच घागरभर पाण्यासाठी बाया झऱ्याच्या खड्ड्याभोवती बसून राहतात. पाणी झिरपून खड्ड्यात ओंजळभर साचलं, की वाळल्या भोपळ्याच्या भांड्यानं ते उपसायचं आणि पुन्हा वाट पाहायची. मी गेले की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. एके दिवशी डोकरीच्या मुलानं मला वाटेत अडवलं. तो उद्धट नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "मास्तरीण, तू झऱ्यात हात नको घालू. लांब उभी राह. बाया ओततील तुज्या घागरीत."

मी लांब उभी राहिले. उन्हात, घागर पायाशी ठेवून. माझी आजी नगरकडे गावच्या विहिरीवर अशीच उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतील म्हणून. त्या उभं राहण्यातून सुटण्यासाठी तर आमचं घराणं प्रभूच्या पायाशी गेलं होतं. आणि मी शिकलेली, शास्त्र वाचणारी, मास्तरची बायको, फिरून त्याच जागी येऊन उभी होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा देवाचा राग आला. खरं सांगायचं तर तो राग आला म्हणून मला बरंच वाटलं. बाया तर नंतर नंतर पाणी ओतेनाशाच झाल्या. खड्ड्यातच नसायचं, तर माझ्या वाट्याला कुठून येणार? मास्तर शाळा बंद करून दरीतून पाणी आणू लागले, आणि एका संध्याकाळी त्यांनी जव्हारला बदली मागायची असं ठरवलं. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "त्याला इथंच ठेवून जायचं?"

त्याच आठवड्यात डोकरीची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती, ती वारली. जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं केलेल्या बाईला आपल्या लेकीचं निभावता आलं नाही. बाळही गेलं. सकाळी डोकरीचा हेल ऐकू आला आणि मला कळलं.

मी पदर खोचून निघाले. मास्तर दारात आडवे आले. "जाऊ नकोस. आता हेही तुझ्यावरच घालतील. कोयते आहेत त्यांच्याकडे." ते बरोबर बोलत होते. मी म्हटलं, "माझ्या पोराला तिनं कडेवर वागवलंय." आणि त्यांच्या हाताखालून निघून गेले.

अंगणात बायका दाटीनं बसल्या होत्या. मला पाहून रडणं थांबलं. कुणीतरी "भुताळी" म्हणालं, हळूच, पण मला ऐकू जाईल असं. डोकरीचा मुलगा उठून उभा राहिला. मी काय करायला आले होते ते मलाच माहीत नव्हतं. कदाचित दोन शब्द बोलणार होते, कदाचित प्रार्थना. उंबऱ्याशी गेले. आत ती पोरगी निजवलेली होती, कपाळाला हळद लावलेली, आणि तिच्या कुशीत ते बाळ. तिचा तो हात मी पाहिला. त्या हातावर माझं लेकरू दोन वर्षं बसलं होतं.

मी तिथंच, उंबऱ्यावर खाली बसले आणि माझं तोंड उघडलं. भादव्यात मिटलेलं तोंड. काय बोलले ते मला बायकांनी पुढे सांगितलं. मी म्हणत होते, पोरी, तू चाललीस तर माझा तिकडे एकटा आहे गं, त्याला कडेवर घे. त्याला वाट माहीत नाही. तो काहा काहा करील, तू चिडू नकोस. त्याला पेज अर्धीच गेली होती, उरलेली पाज. आणि मग मी माझ्या लेकराचं नाव घेऊन ओरडले. गेल्यापासून ते नाव मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

मग आतून डोकरीनं, आपल्या मेलेल्या लेकीपाशी बसल्या जागेवरून, माझा हेल उचलला. माझ्या पोराचं नाव घेऊन. तिच्यामागून दुसरीनं, मग तिसरीनं. भादव्यात गेलेल्या माझ्या लेकरासाठी पाडा चैत्रात रडला. त्याच्या गालातली मोहाची फुलं, त्याचं वाकडं धावणं, एका कोंबडीला तो कसा भ्यायचा, सगळं त्या बायकांना आठवत होतं आणि सगळं त्या रडून सांगत होत्या. डोकरीचा मुलगा भिंतीला टेकून खाली बसला.

दुपारी मी घरी आले तेव्हा माझा घसा गेला होता. सवयीनं चुलीकडे वळले, तर दारात दोन बायका उभ्या. त्यातली एक म्हणाली, "आज चूल नको पेटवूस." त्यांनी पदराखालून नाचणीच्या भाकऱ्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मास्तर कोपऱ्यात पाटावर बसले होते. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागले. मी त्यांचा दंड धरला नाही.

शांती आली ती त्या संध्याकाळी. तिला मोठं नाव द्यावं अशी ती नव्हतीच. भाकरीचा वास आला, कितीतरी महिन्यांनी. अंग दुखत होतं ते कळलं. मी हात जोडले आणि काही न मागता, काही न गाता बसून राहिले, आणि वाटलं की शेजारी कुणीतरी बसलं आहे, तेही रडून थकलेलं. मित्राच्या कबरेपाशी प्रभू रडला होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आधी तो रडला, आणि मग त्यानं मेलेल्याला हाक मारून उठवलं. आम्ही मधलं रडणं गाळून एकदम हाकेपाशी जाऊन उभे राहिलो होतो. मास्तरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मला हे माहीत होतं. शिकवलंही आहे." आणि मग, "शिकवणं सोपं असतं गं."

माझं दुःख कमी झालं असं कुणी समजू नये. ते अजून आहे. फक्त आता ते माझ्या ओळखीचं आहे, त्याच्याजवळ बसता येतं. बदली आम्ही मागितली नाही. मी झऱ्यावर सगळ्यांसोबत बसू लागले. पण संशय असा हवेत विरून जात नाही. तो माझं दार सोडून खालच्या वस्तीतल्या एका एकट्या विधवेच्या दारी जाऊन बसला. मी रोज तिची घागर माझ्या घागरीला लावून बसायची, बायकांशी भांडायची, आता भांडायचं बळ होतं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. पावसाआधी ती बाई घर सोडून घोटीकडे निघून गेली. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि अजूनही प्रार्थनेत ती आली की मी अडखळते.

पुढे काही वर्षांनी सरकारी शाळा पाड्याजवळ आली आणि मिशननं आमची शाळा मिटवली. आम्हाला जव्हारला बोलावणं आलं. सामान फार नव्हतंच. निघायच्या सकाळी मी मोहाच्या झाडाखाली गेले. मातीचा उंचवटा कधीच सपाट झाला होता, पण जागा मला माहीत होती. तिथं बसले आणि उठवेना. मास्तर लांब उभे होते, मला हाक मारत नव्हते.

डोकरी काठी टेकत आली. आता ती वाकली होती. माझ्याजवळ बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा ती नुकत्याच जन्मलेल्या लेकरांच्या पाठीवरून फिरवायची.

"तू जा," ती म्हणाली. "तुजा पोर आमच्यात हाये. त्याला आमी रडू. तू आता उगी राह."

मी उगी राहिले. मग उठून मास्तरांच्या मागून उतार उतरू लागले.